अलौकिक अँटीहिरोंची कॉमिक्स वाचताना या चुका टाळा

मार्व्हल कंपनीच्या 'घोस्ट रायडर' या कॉमिक्सच्या जुन्या अंकांचा एक जाड संग्रह मी भाच्याला वाचायला दिला होता. तिसऱ्या दिवशी तो परत करताना तो म्हणाला, "मामा, कवटी पेटलेली, गाडी पेटलेली, दिसायला सगळं भारी आहे, पण हा माणूस सारखा रडत का असतो? एवढी ताकद मिळालीये, तर वापर की!" उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या सुपरहिरोंवर वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि या प्रकारची कॉमिक्स अर्ध्यावर सोडून देणारे बहुतेक जण याच ठिकाणी अडतात. ज्यांची शक्ती नरकातून, मृत्यूतून किंवा शापातून आलेली आहे, अशा नायकांच्या कथा ऋणावर उभ्या असतात. हातात आलेली शक्ती हाच त्या कर्जाचा हप्ता असतो. हे ध्यानात न घेता वाचले, की पुढच्या सगळ्या चुका आपोआप होत जातात.

'प्रतिनायक' या शब्दाने होणारी गल्लत

मराठीत अँटीहिरोसाठी 'प्रतिनायक' हा शब्द सर्रास वापरला जातो. परंतु संस्कृत नाट्यपरंपरेत प्रतिनायक म्हणजे नायकाचा विरोधक, रामकथेतला रावण. त्या अर्थाने वाचायला बसलेला वाचक घोस्ट रायडरमध्ये खलनायक शोधू लागतो आणि तो सापडत नाही म्हणून गोंधळतो. अँटीहिरो हा कथेचा नायकच असतो. फक्त नायकाकडून अपेक्षित असलेले स्वच्छ चारित्र्य, निर्मळ हेतू आणि समाजाची मान्यता यांपैकी काहीतरी त्याच्याजवळ नसते. त्यामुळे या लेखात मी अँटीहिरो हाच शब्द ठेवला आहे.

दुसरी गल्लत आधीच्या पिढीची आहे. इंद्रजाल कॉमिक्सने फँटमला मराठीत 'वेताळ' हे नाव दिले, आणि ते नाव इतके चपखल बसले की आजही अनेकांच्या मनात तो भुताखेतांच्या कुळातला आहे. प्रत्यक्षात ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला फँटम हाडामांसाचा माणूस आहे. मुखवटा बापाकडून मुलाकडे एकवीस पिढ्या चालत आला आणि तो अमर असल्याचा समज मुद्दाम जपला गेला, एवढेच त्याचे रहस्य. नरकाचे कोणतेही देणे त्याच्या डोक्यावर नाही, म्हणून तो या लेखाच्या बाहेर राहतो.

शक्ती मोजणे आणि किंमत विसरणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. जॉनी ब्लेझ या घोस्ट रायडरची कथा १९७२ साली 'मार्व्हल स्पॉटलाइट'च्या ५व्या अंकात सुरू झाली. गॅरी फ्रेडरिक, रॉय थॉमस आणि चित्रकार माइक प्लूग हे तिचे कर्ते. जॉनी हा मोटारसायकलवर कसरती करणारा तरुण आहे आणि क्रॅश सिम्प्सन या कसरतपटूने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवलेले आहे. क्रॅशला असाध्य आजार झाल्याचे कळताच जॉनी सैतानाला आवाहन करतो आणि क्रॅशच्या प्राणांच्या बदल्यात स्वतःचा आत्मा देऊ करतो. आजार खरोखरच जातो. त्यानंतर क्रॅश बावीस मोटारींवरून उडी मारण्याचा विक्रम करायला जातो आणि त्या उडीत मरतो. सैतानाने दिलेला शब्द अक्षरशः पाळलेला असतो, कारण क्रॅशला आजाराने मारलेले नसते. करारातल्या एका शब्दाने फसलेल्या माणसाचा हा संताप ज्याला जाणवला, त्याला रात्र झाली की पेटणारी ती कवटी केवळ भारी वाटत नाही. ती त्या करारावरची सही आहे, आणि जॉनीला ती स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन फिरावे लागते.

हीच गोष्ट टॉड मॅकफार्लेन यांच्या स्पॉनमध्ये अधिक क्रूरपणे येते. इमेज कॉमिक्सने १९९२ साली काढलेल्या या मालिकेत अल सिमन्स हा मारला गेलेला सैनिक पत्नीला पुन्हा पाहता यावे म्हणून नरकाच्या अधिपतीशी, मालेबोल्जियाशी, सौदा करतो. तो परत येतो तो पाच वर्षांनी, संपूर्ण भाजलेल्या देहाने. तोवर त्याच्या पत्नीने, वांडाने, त्याच्याच जिवलग मित्राशी लग्न केलेले असते आणि तिला एक मुलगीही झालेली असते. आपली शक्ती वापरून तो पूर्वीचे रूप घेण्याचा प्रयत्न करतो, तेव्हा हा कृष्णवर्णीय माणूस सोनेरी केसांचा गोरा पुरुष होऊन उभा राहतो. स्पॉनचा लांबलचक लाल झगा आणि साखळ्या पाहून अंक विकत घेणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या मते त्या कथेचा गाभा या एका प्रसंगात आहे: आरशात दिसणारा चेहरा स्वतःचा नाही आणि तो बदलण्यासाठी वापरलेली शक्तीही फुकट गेलेली आहे. फुकट गेली असे म्हणण्याचे कारण असे, की सुरुवातीच्या अंकांत त्याच्या शक्तीचा आकडा ९:९:९:९ पासून उतरताना वाचकाला दाखवला जातो आणि तो शून्यावर आला की त्याला नरकात परतावे लागणार असते. माझ्या भाच्याच्या 'वापर की' या प्रश्नाचे उत्तर त्या उतरत्या आकड्यात आहे. म्हणून एखादी लढाई कंटाळवाणी वाटू लागली, तर ती कोण जिंकतो याकडे लक्ष न देता या लढाईत नायकाच्या गाठीचे काय गेले, हे पाहावे.

आपल्या आत्म्याचा अर्थ त्यांच्या आत्म्याला लावणे

ही अडचण विशेषतः आपल्याकडच्या वाचकाची आहे आणि ती क्वचितच बोलून दाखवली जाते. आत्म्याला शस्त्रे छेदत नाहीत, अग्नी जाळत नाही, असे ऐकत वाढलेल्या माणसाला 'आत्मा विकला' हे वाक्य पोकळ वाटते; जे कोणाच्या मालकीचे होऊच शकत नाही, ते विकणार तरी कसे? या कथांमागची कल्पना ख्रिस्ती युरोपातील आहे. तिथे आत्मा म्हणजे माणसाच्या एकाच आयुष्याचा नैतिक हिशेब असतो आणि मृत्यूनंतर तो कोणाच्या ताब्यात जाणार हे कायमचे ठरते. पुढचा जन्म नाही, म्हणून चूक फेडण्याची दुसरी संधीही नाही. वाचताना 'सावकाराकडे कायमचा गहाण पडलेला माणूस' असे चित्र मनात धरले, तर जॉनीची किंवा अलची तगमग लगेच समजते.

आणि खरे पाहता असा शापित नायक आपल्याला अनोळखी नाही. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत रानोमाळ हिंडणारा अश्वत्थामा आपण लहानपणापासून ऐकलेला आहे. त्याला मिळालेले दीर्घायुष्य इतर कोणी वरदान म्हणून मागून घेतले असते. त्याच्या वाट्याला ते शिक्षा म्हणून आले. स्पॉन वाचताना मला दर वेळी त्याचीच आठवण येते.

धूर्तपणावर भाळून मेलेल्यांना विसरणे

जॉन कॉन्स्टंटाइन हा मंत्रतंत्र जाणणारा मांत्रिक १९८५ साली 'स्वॅम्प थिंग' या कॉमिक्सच्या ३७व्या अंकात आला आणि १९८८ पासून 'हेलब्लेझर' या त्याच्या स्वतंत्र मालिकेचे २०१३ पर्यंत ३०० अंक निघाले. मळका कोट, ओठात सिगारेट, सैतानालाही गंडवणारी जीभ, यांमुळे तो तरुण वाचकांचा फार लाडका आहे. 'डेंजरस हॅबिट्स' या १९९१ सालच्या, गार्थ एनिस यांनी लिहिलेल्या कथेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरायला टेकलेला जॉन असा डाव टाकतो की नरकाच्या तीन अधिपतींचा त्याच्या एकाच आत्म्यावर हक्क निर्माण होतो. तो मेला तर तिघांना आपसांत युद्ध करावे लागेल, म्हणून नाइलाजाने तेच त्याला बरे करतात. ही युक्ती विलक्षण आहे आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु केवळ अशा युक्त्यांसाठी जो हेलब्लेझर वाचतो, त्याच्या हाती निम्मीच मालिका लागते.

त्यासाठी ११वा अंक वाचावा. १९७८ साली न्यूकॅसलमधील एका क्लबात तरुण जॉन आपल्या विद्येच्या घमेंडीत एका राक्षसाला हटवण्यासाठी दुसऱ्या राक्षसाला बोलावतो, आणि ज्या लहान मुलीला वाचवण्यासाठी हे सगळे मांडले, त्या अ‍ॅस्ट्रालाच तो राक्षस नरकात ओढून नेतो. जॉनने तिचा हात घट्ट धरून ठेवलेला असतो. मुलगी जाते आणि तुटलेला हात तेवढा त्याच्यापाशी उरतो. त्यानंतर तो वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. मालिकेच्या पहिल्या दोन अंकांत तो गॅरी लेस्टर या जुन्या मित्राचा बळी देऊन एका राक्षसाला संपवतो, आणि अशा मित्रांची भुते पुढे त्याच्या भोवती उभी राहू लागतात. जॉनच्या प्रत्येक विजयाचा खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडलेला असतो, आणि त्याला ते पुरते ठाऊक असते.

याच मालिकेत काळही खरा चालतो. जॉनचा जन्म १९५३ सालचा आहे आणि १९९३ सालच्या ६३व्या अंकात त्याचा चाळिसावा वाढदिवस साजरा होतो. त्यामुळे मधूनच एखादा अंक उचलला की माणूस ओळखू येत नाही, अशी तक्रार असणाऱ्यांनी अंक क्रमाने वाचावेत.

काळ न पाहता जुने अंक वाचणे

१९७१–७३ या अवघ्या दोन-तीन वर्षांत रक्तपिपासू मॉर्बियस, घोस्ट रायडर, जॅक कर्बी यांचा राक्षस एट्रिगन आणि रक्तपिपासूंची शिकार करणारा ब्लेड असे सगळे एकदम कसे अवतरले, हे माहीत नसेल तर ती कॉमिक्स एकमेकांची नक्कल वाटतात. १९५४ सालच्या कॉमिक्स कोडने, म्हणजे अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, रक्तपिपासू, नरलांडगे आणि चालती प्रेते यांवर बंदी घातली होती. १९७१ साली तो कोड सैल झाला आणि जुन्या साहित्यातल्या धाटणीने हाताळल्यास रक्तपिपासू व नरलांडगे चालतील असे ठरले. सतरा वर्षे अडवलेले पाणी एकदम सुटले. मात्र प्रेतांवरची बंदी तशीच राहिल्यामुळे मार्व्हलला 'झॉम्बी'ऐवजी 'झुव्हेंबी' असा शब्द वापरून वेळ मारून न्यावी लागली. त्या अंकांतले संवाद आज भडक वाटतात, हे मान्य आहे. अशा वेळी संवादांच्या फुग्यांवर न अडता चित्रांवर अधिक वेळ द्यावा. पेटलेल्या कवटीला पापण्या नाहीत, ओठ नाहीत, म्हणून राग आणि दुःख यांतला फरक प्लूग यांना खांद्यांच्या ठेवणीतून आणि ज्वाळांच्या झुकण्यातून दाखवावा लागला आहे.

सूड जितका मोठा तितकी कथा चांगली, असे मानणे

स्पेक्टर हे १९४० सालचे पात्र आहे. गुंडांनी सिमेंटने भरलेल्या पिंपात घालून नदीत बुडवलेला जिम कॉरिगन हा पोलीस ईश्वरी सूडाचे रूप घेऊन परत येतो. मायकेल फ्लाइशर आणि जिम अपारो यांनी १९७४–७५ साली त्याच्याकडून गुन्हेगारांना अशा काही भीषण रीतींनी मारवले, की ते दहा अंक आजही आवडीने वाचले जातात. तरीही सलग वाचले की पाचव्या अंकापाशी थकवा येतो, कारण ज्याला काहीच अशक्य नाही आणि ज्याला कसली शंकाच येत नाही, त्याची काळजी वाचकाला वाटेनाशी होते. अशा वेळी जॉन ऑस्ट्रँडर आणि टॉम मँड्रेक यांचे १९९२ ते १९९८ मधले ६२ अंक हाती घ्यावेत. तिथे स्पेक्टर व्लाटावा नावाच्या काल्पनिक देशाचा न्याय करायला बसतो, सगळ्यांचे हात रक्ताने माखलेले पाहतो आणि जवळजवळ अख्खा देश नष्ट करतो. गुन्हेगाराला शिक्षा झाल्यावर वाटणारे समाधान येथे वाचकाच्या घशात अडकते, आणि पुढची मालिका त्या अडकलेल्या प्रश्नाचाच पाठपुरावा करते.

चित्रपटावरून मत बनवण्याच्या चुकीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २००५ सालच्या चित्रपटातला काळ्या केसांचा, लॉस एंजेलिसचा कॉन्स्टंटाइन आणि कॉमिक्समधला लिव्हरपूलचा सोनेरी केसांचा जॉन यांची गाठ पडली तरी ते एकमेकांना ओळखणार नाहीत.

उःशापाची वाट पाहत बसणे

आपल्या कथांत शापाला बहुधा उःशाप असतो, म्हणून नायक कधी मोकळा होणार याची वाट पाहण्याची सवय आपल्याला लागलेली असते. लेन वीन आणि बर्नी राइटसन यांच्या 'स्वॅम्प थिंग'चे सुरुवातीचे वाचकही तशीच वाट पाहत होते: दलदलीत जळत पडलेला अ‍ॅलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ झाडपाल्याचा झाला आहे, तो केव्हातरी पुन्हा माणूस होईल. अ‍ॅलन मूर यांनी १९८४ सालच्या २१व्या अंकात ही आशा मुळापासून उपटली. शवविच्छेदन करणाऱ्याला त्या देहात फुप्फुसांसारखी दिसणारी, पण श्वास घेऊ न शकणारी वनस्पती सापडते. हॉलंड केव्हाच मेलेला आहे. जे उठून चालू लागले, ते आपण हॉलंड आहोत असे समजणारे एक रोप आहे.

येथे कथा संपली असे समजून अंक मिटणारे वाचक मला भेटले आहेत. त्यांनी आणखी सात अंक वाचावेत. २८व्या अंकात ते रोप दलदलीच्या तळाशी उतरते, ज्याला ते इतकी वर्षे 'मी' म्हणत आले त्या माणसाची हाडे वर काढते आणि खड्डा खणून स्वतःच्या हिरव्या हातांनी ती पुरते.