जेवणाच्या टेबलावरचा कॅनव्हास

तैलरंग सोडून जलरंगाकडे का वळलात, असं मला प्रदर्शनात विचारतात. खरं कारण एवढंच की आमच्या घरी रात्री आठला टेबल रिकामं लागायचं. अळशीच्या तेलातला रंग वाळायला कितीतरी दिवस घेतो. जलरंगाचा पसारा मात्र पाच मिनिटांत आवरतो. टर्पेंटाइनच्या वासाने सासूबाईंचं डोकं खरंच दुखायचं. चित्रं काढू नकोस, असं कुणीच म्हणालं नाही. नवरा तर मायेनेच म्हणायचा, "घरीच काढ की, कोण अडवतंय?" त्या मायेत सहा वर्षं गेली आणि माझं माध्यमच बदललं, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, कुणावर तरी जीव जडलेल्या मुलींना सांगते: "माझी काही हरकत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. चित्राला जागा कुठली, तास कुठले, भाडं कुणाच्या खात्यातून, हे लग्नाआधी बोला. मला तेव्हा ते बोलायची लाज वाटली होती. सहीचंही ठरवून टाका. मी मध्येच आडनाव बदललं; आधीची चित्रं माझीच आहेत, हे अजून समजावून सांगावं लागतं. सही माहेरच्या नावाची खुशाल ठेवा, चेक मात्र बँक खात्यावरच्या नावाने मागा.

जर्मन चित्रकार पाउला मोडरझोन-बेकर मला या संदर्भात सारखी आठवते. 1901 साली तिने ओटो मोडरझोन या चित्रकाराशीच लग्न केलं. वोर्प्सवेडे गावात तिची कामाची वेगळी खोलीसुद्धा होती. तरी 1906 च्या फेब्रुवारीत ती नवऱ्याला सोडून पॅरिसला गेली. लग्नाच्या वाढदिवशीचं स्वतःचं अर्धनग्न चित्र तिने तिथेच रंगवलं. पुढच्या वर्षी ती नवऱ्याबरोबर परतली आणि नोव्हेंबरात, मुलगी झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत वारली. वय 31. ती परतली म्हणजे हरली, असं मला वाटत नाही. तिला दोन्ही हवं होतं, मलाही हवं होतं.

सातव्या वर्षी मी दोन गल्ल्या सोडून एक खोली भाड्याने घेतली. घरात आठवडाभर अबोला होता. दुपारी एक ते पाच माझी वेळ. महिन्याभराने नवरा डबा घेऊन आला, उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "ओलं आहे का गं, येऊ आत?"

अजूनही तो विचारूनच आत येतो.