गणिताच्या प्राध्यापकांकडे शिकताना या चुका टाळा

कोकण विभागीय मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल गेली अनेक वर्षे राज्यातील नऊ मंडळांमध्ये सर्वांत वरचा राहिलेला आहे. त्यामुळे रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातून बी. एस्सी.ला गणित घेणारा विद्यार्थी बहुधा चांगले गुण पदरात घेऊनच आलेला असतो, आणि अ‍ॅनालिसिस या, लिमिटसारख्या कल्पना काटेकोर सिद्धतेने मांडणाऱ्या विषयाचे पहिले काही तास झाले की या सरांचे शिकवणे आपल्या डोक्यावरून जात आहे असे त्याला वाटू लागते. पुढे तोच विद्यार्थी एम. एस्सी.साठी मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याच्या संकुलात गेला की ही तक्रार आणखी तीव्र होते. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, शंका विचारली तर उलट आपल्यालाच प्रश्न विचारतात, मॅडम एकही उदाहरण पूर्ण सोडवून देत नाहीत, पेपर तपासताना अर्धा गुणही सुटा देत नाहीत, अशा गोष्टी सुट्टीत गावी आलेली मुले आम्हा जुन्या शिक्षकांना हमखास सांगतात. त्यांतल्या काही खऱ्या असतात आणि त्यांचा विचार पुढे केला आहे. परंतु बहुतेक वेळा अडचणीचे मूळ एकच निघते: विद्यार्थ्याने आपले अर्धवट राहिलेले, चुकलेले, खाडाखोड केलेले काम प्राध्यापकांना कधी दाखवलेलेच नसते, आणि जे दाखवले नाही त्यात चूक कोणत्या ओळीवर आहे हे कोणत्याही प्राध्यापकाला सांगता येत नाही. खालच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या शाखा आहेत.

ऐकीव माहितीवर प्राध्यापक निवडणे

पदव्युत्तर वर्गात वैकल्पिक विषय निवडण्याची वेळ आली की विद्यार्थी विषयाचा विचार करण्याऐवजी तो कोण शिकवणार हे विचारतात आणि वरच्या वर्गातील कोणीतरी "त्यांचा पेपर घेऊ नकोस, नापास करतात" एवढे सांगितले की निर्णय होतो. अशा सल्ल्यात प्राध्यापक गुण कसे देतात आणि ते शिकवतात कसे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. त्याऐवजी त्या विद्यार्थ्याची वही पाहायला मागावी, अंतर्गत चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका असल्यास ती पाहावी, आणि तिच्यावर नुसता गुणांचा आकडा आहे की ओळीओळीला काही लिहिलेले आहे एवढे बघावे. जे प्राध्यापक समासात "हे का?" असे लिहून पेपर परत देतात, त्यांच्याकडे कमी गुण मिळाले तरी शिकायला जास्त मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फळा जसाच्या तसा वहीत उतरवणे

गणिताच्या तासाला फळ्यावर येते ते व्याख्या, प्रमेय आणि सिद्धता. ही अट कशासाठी घातली, ती काढली तर काय बिघडेल, ही कल्पना मागच्या कोणत्या प्रमेयातून आली, हे सर्व प्राध्यापक तोंडी सांगतात आणि ते फळ्यावर क्वचितच उमटते. परिणामी वहीत जे असते ते कोणत्याही पुस्तकात मिळते आणि जे पुस्तकात मिळत नाही ते वर्गातच राहते. पानाचा उजवीकडचा तिसरा भाग मोकळा सोडून तोंडी सांगितलेले तिथे टिपावे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी ते निःसंकोच मराठीतच लिहावे. फळ्यावरचे इंग्रजी जुळवता जुळवता कान बंद होतात, ही त्यांची खरी अडचण असते आणि ती बुद्धीची अडचण मुळीच नव्हे. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असली तरी विचार कोणत्या भाषेत करावा याचे बंधन कोणी घातलेले नाही.

एक अडचण आपल्या भागाची खास आहे. गावाहून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटचा तास संपताच स्टँड गाठावा लागतो, कारण पुढची गाडी दोन तासांनी असते, आणि प्राध्यापकांनी शंकांसाठी ठेवलेली वेळ नेमकी तासानंतरची असते. असा विद्यार्थी वर्षभर शंका न विचारता राहतो आणि तो उदासीन आहे असा सरांचा समज होतो. पहिल्याच आठवड्यात आपल्या गाडीची वेळ सांगून दोन तासांमधल्या रिकाम्या वेळेत दहा मिनिटे मागावीत. हे कळल्यावर वेळ नाकारणारे प्राध्यापक मी फार कमी पाहिले आहेत.

"सर, समजलं नाही" एवढेच म्हणणे

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन संपूर्ण प्रमेय समजले नाही असे सांगितले की ते संपूर्ण प्रमेय पुन्हा सांगतात, विद्यार्थी पुन्हा मान हलवतो आणि दोघांचाही अर्धा तास जातो. त्याऐवजी स्वतः लिहिलेला प्रयत्न समोर ठेवला तर काय होते, ते पहिल्या वर्षाच्याच एका उदाहरणावरून पाहू.

एक्स ही संख्या २ च्या जवळ जाते तेव्हा एक्सच्या वर्गाची लिमिट ४ असते, हे एप्सिलॉन (उत्तरातला फरक किती लहान हवा ती दिलेली संख्या) आणि डेल्टा (त्यासाठी एक्स २ च्या किती जवळ ठेवायचा ते अंतर) वापरून सिद्ध करायचे आहे. विद्यार्थी एक्सचा वर्ग वजा ४ याचे (एक्स वजा २) आणि (एक्स अधिक २) असे अवयव पाडतो, जे अगदी बरोबर आहे. मग त्याला वाटते, की एप्सिलॉनला (एक्स अधिक २) च्या केवल मूल्याने भागले की झाला डेल्टा. आकडेमोड जुळते, उत्तर आल्यासारखे दिसते, आणि पेपरात मात्र त्याला गुण मिळत नाहीत. "सगळं बरोबर असून सरांनी गुण कापले" ही तक्रार अनेकदा येथून जन्माला येते. हाच कागद घेऊन तो सरांकडे गेला, तर सर भागाकाराच्या ओळीला गोल करून एकच प्रश्न विचारतात: "डेल्टात एक्स कुठून आला?" व्याख्येत आधी एप्सिलॉन दिला जातो, मग डेल्टा निवडला जातो आणि त्यानंतरच एक्स येतो, म्हणून डेल्टा एक्सवर अवलंबून राहू शकत नाही. हे कळले की पुढची वाट सरळ आहे. एक्स आणि २ यांच्यातील अंतर १ पेक्षा कमी ठेवले तर एक्स १ आणि ३ यांच्या दरम्यान राहतो, (एक्स अधिक २) हे ५ पेक्षा लहान राहते, आणि १ व एप्सिलॉनचा पाचवा भाग यांपैकी जी संख्या लहान ती डेल्टा म्हणून चालते. विद्यार्थ्याची चूक एका ओळीची होती आणि ती दुरुस्त करायला पाच मिनिटे पुरली, परंतु कागद समोर नसता तर सरांनी लिमिटची व्याख्या पहिल्यापासून सांगितली असती आणि तो विद्यार्थी तीच चूक मनात घेऊन परत गेला असता.

सरांचा उलट प्रश्न हा अपमान समजणे ही याच प्रसंगातली दुसरी चूक होय. शंका घेऊन गेलेल्याला "व्याख्या सांग बघू" असे म्हटले की अनेकांचे तोंड उतरते आणि ते पुन्हा त्या खोलीची पायरी चढत नाहीत. प्राध्यापकांना त्या वेळी अडचण व्याख्येत आहे, तर्कात आहे की बीजगणितात आहे, एवढेच पाहायचे असते. जाण्यापूर्वी संबंधित व्याख्या न बघता एकदा लिहून काढावी. निम्म्या शंका त्या लिहिण्यातच सुटतात आणि उरलेल्या नेमक्या होतात.

यासाठी दहावीच्या भूमितीतली सवय उपयोगी पडते. पक्ष, साध्य, सिद्धता असे तीन भाग पाडून लिहायला आपण सर्वजण शिकलो होतो आणि महाविद्यालयात आल्यावर का कोण जाणे ते सोडून दिले. प्रमेयाखाली पक्षातील प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर लिहावी आणि सिद्धता वाचताना कोणती अट कोणत्या पायरीवर वापरली गेली तिथे खूण करावी. एखादी अट कुठेच वापरलेली दिसली नाही, तर आपली शंका सापडली असे समजावे, "सर, ही अट सिद्धतेत कुठे लागली?" या प्रश्नावर चांगला प्राध्यापक खुर्ची पुढे ओढून बसतो.

व्यत्यास, म्हणजे प्रमेयाचे उलट विधान, गृहीत धरण्याची चूकही अशीच पकडता येते. सान्त ग्रुपमधील (ग्रुप म्हणजे ठरावीक नियम पाळणाऱ्या एका क्रियेसह घेतलेला संच) सबग्रुपच्या (त्याच क्रियेने स्वतःही ग्रुप होणाऱ्या त्याच्या भागाच्या) घटकसंख्येने मूळ ग्रुपच्या घटकसंख्येला नेहमी भाग जातो, हे लाग्रांजचे प्रमेय पाठ असते, आणि विद्यार्थी परीक्षेत बिनदिक्कत उलटे लिहितात, की ज्या संख्येने भाग जातो तेवढ्या घटकांचा सबग्रुप असलाच पाहिजे. चार वस्तूंच्या सम क्रमचयांच्या (दोन-दोन वस्तूंची सम वेळा अदलाबदल करून मिळणाऱ्या मांडण्यांच्या) ग्रुपमध्ये १२ घटक असतात, ६ ने १२ ला भाग जातो, तरी त्यात ६ घटकांचा एकही सबग्रुप नसतो. प्रत्येक प्रमेयाजवळ त्याचा व्यत्यास लिहून, तो खरा की खोटा आणि खोटा असल्यास कोणत्या उदाहरणामुळे, एवढे नोंदवून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेची भीती राहत नाही.

एकही उदाहरण हाताने न करता प्रश्न विचारणे

डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळाशिक्षक होते आणि त्यांच्या नावाने आज ६१७४ ही संख्या जगभर ओळखली जाते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया करत राहावी. ३५२४ पासून निघाले तर ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४ येते, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक वेळी तेच येते. असा शोध प्रत्यक्ष वजाबाक्या करत बसणाऱ्यालाच लागतो. एखादे विधान खरे का आहे हे विचारण्यापूर्वी ते दोन-तीन लहान उदाहरणांवर चालवून पाहिले नसेल, तर प्राध्यापकांचे उत्तर कितीही स्पष्ट असले तरी ते धरून ठेवायला विद्यार्थ्याच्या मनात काही नसते.

गणेशोत्सवातला खंड तसाच सोडणे

मुंबईत शिकणारा कोकणातला विद्यार्थी गणपतीला घरी येणारच, आणि त्याने यावे. अडचण अशी, की भाद्रपदाच्या सुमारास पहिल्या सत्राचा पाया घातला जात असतो आणि गणितात सुटलेला भाग पुढच्या प्रत्येक तासाला आडवा येतो. पावसात गाड्या रखडल्या किंवा घाटात दरड कोसळली तर परतणे आणखी लांबते. मित्राने पाठवलेले फळ्याचे फोटो जमा करून ठेवणे हा यावर उपाय नव्हे. निघण्यापूर्वी सरांना भेटून पुढे कोणत्या व्याख्या आणि कोणती प्रमेये येणार आहेत एवढे विचारून घ्यावे, व्याख्या गावीच लिहून काढाव्यात, आणि परतल्यावर "सर, काय शिकवलं?" असे न विचारता त्या भागातले एखादे उदाहरण सोडवण्याचा प्रयत्न करून तो कागद घेऊन जावे.

तयार उत्तर स्वतःचे म्हणून देणे

मोबाइलवर आता कोणत्याही गणिताचे नीटनेटके उत्तर मिळते आणि गृहपाठात ते उतरवले जाते. वर्गात न शिकवलेले चिन्ह किंवा अजून न झालेले प्रमेय त्यात डोकावते, त्यामुळे प्राध्यापकांच्या ते ताबडतोब लक्षात येते. परंतु त्याहून मोठी हानी ही, की विद्यार्थी कुठे अडतो हे कळण्याचा त्यांचा एकमेव मार्ग बंद होतो. चुकीचे लिहायला लाजण्याचे कारण नाही. सतत फलांच्या (ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा फलांच्या) अभिसारी श्रेणीची, म्हणजे ठरावीक मूल्याकडे जाणाऱ्या अनंत बेरजेची, बेरीज सततच असते, असे कोशी या थोर गणितज्ञाने १८२१ साली छापून प्रसिद्ध केले होते. आबेल या गणितज्ञाने १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला आणि पुढे त्या दुरुस्तीतूनच एकसमान अभिसरणाची (श्रेणी सर्व बिंदूंवर एकाच वेळी सारख्या प्रमाणात बेरजेच्या जवळ जाण्याची) कल्पना पक्की झाली. तीच कल्पना आज आपल्या अभ्यासक्रमात आहे.

प्राध्यापकांचेच चुकत असेल तेव्हा

वर्गात विद्यार्थ्याची भाषा किंवा गाव यावरून टोमणे मारणे, तास न घेणे, अभ्यासक्रम अर्धा सोडणे हे दोष खरोखरच आढळतात आणि ते विद्यार्थ्याने मुकाट्याने सोसावेत असे मी कधीही म्हणणार नाही. येथे होणारी चूक म्हणजे सगळा राग एकाच तक्रारीत ओतणे. "सर कडक आहेत" ही तक्रार विभागप्रमुखांपुढे टिकत नाही. कोणत्या तारखांना तास झाला नाही आणि कोणते प्रकरण राहिले हे लेखी दिले, आणि चार-पाच जणांनी मिळून वर्गप्रतिनिधीसह दिले, तर तिची दखल घ्यावी लागते. तोवर अभ्यास थांबवू नये. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि विभागातल्या दुसऱ्या एखाद्या मॅडमकडे कागद घेऊन जायला कोणाची परवानगी लागत नाही.

शिफारसपत्र शेवटच्या क्षणी मागणे

पीएच.डी. किंवा उन्हाळी शिबिराच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली की विद्यार्थी शिफारसपत्रासाठी धावतात. ज्या प्राध्यापकांना आपला फक्त हजेरी क्रमांक माहीत आहे, ते उपस्थिती आणि वर्तणूक याखेरीज काय लिहिणार? किमान तीन आठवडे आधी भेटावे, ज्यांनी आपले कागद तपासले आहेत त्यांच्याकडेच मागावे, आणि सोबत गुणपत्रिका, अर्जाचा हेतू सांगणारे एक पान आणि त्यांच्या विषयात आपण सोडवलेल्या एखाद्या अवघड प्रश्नाची प्रत द्यावी, म्हणजे पत्रात लिहिण्यासारखे काही त्यांच्या हाताशी असेल.