कलम लावलंत, पण जोडाखाली बघितलंत का?

"यंदा लावलेलं हापूसचं कलम काय जोरात चाललंय" असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळाच येतो. कलम पहिल्या पावसात एवढं उसळत नाही हो, उसळतो तो खालचा रायवळ खुंट, म्हणजे कोयीपासून उगवलेलं गावठी आंब्याचं रोप, ज्यावर हापूसची काडी जोडलेली असते. त्या जोडाखाली दोन फुटवे येतात, वाढलेल्या गवतात दिसत नाहीत, अन्नपाणी तेच ओढतात आणि वरची काडी गुपचूप सुकते. मालक हिरवं झाड बघून खूष, काही वर्षांनी आंबा धरतो तो आंबट नि रेषाळ, मग नर्सरीवाल्याला शिव्या. नर्सरीवाले फसवतात, नाही असं नाही, पण मी बघितलेल्या बागांत बहुतेकदा फूट काढायचीच राहिलेली होती.

म्हणून उघडीप मिळाली की आधी हेच करा, खत नंतर. बुंध्याचं गवत काढा, जोड शोधा आणि तिथून बोट खाली मातीपर्यंत न्या. कोवळी फूट अंगठ्याने मोडून टाका. कोयत्याने छाटलीत तर बुडखा राहतो नि एकाच्या जागी चार येतात. श्रावण संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक फेरी. आणि जोडावर प्लास्टिकची पट्टी अजून असेल, जोड पक्का झाला असेल, तर ब्लेडने उभी चीर देऊन सोडवा, नाहीतर पट्टी काचून तिथे खाच पडते नि कलम वाऱ्याने मोडतं.

घरीच कोय कलम (कोयीतून नुकत्याच आलेल्या रोपावर काडी बांधायची पद्धत) बांधणाऱ्यांसाठी:
- रोप 15 ते 20 दिवसांचं, पानं तांबूस असतानाच
- काडी 3-4 महिन्यांची, डोळा फुगलेला, पानं 8-10 दिवस आधी काढलेली, देठ ठेवून
- काडीच्या बुडाला पाचरीसारखा काप 4-5 सेंमी, रोपाच्या चिरेत बसेल असा
- कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) 1 ग्रॅम प्रति लिटर पाणी, त्यात काडी 5 मिनिटं
- पट्टी घट्ट, सावलीत ठेवा

धो धो पावसात बांधू नका, कापात पाणी गेलं की काळं पडतं. ढगाळ, दमट, वारा नसलेल्या दिवशी बांधलेली जास्त लागतात, हा माझा अंदाज, पुस्तकात शोधू नका.

दुकानदार आता कलम लागायचं टॉनिक म्हणून बाटली पुढे करेल. जोडाला लागतो धारदार चाकू, बाटली नव्हे. तेच पैसे आधाराच्या काठीला घाला, प्रत्येक कलमाला एक, आणि बांधताना वाकलात की खालची फूटही बघून घ्या.