कोलोरॅडोत डिच कंपनीचा शेअर घेताना

कोलोरॅडोत नदीवरचा हक्क कागदोपत्री बहुधा कालव्याच्या (‘डिच’च्या) म्युच्युअल, म्हणजे भागधारकांच्याच मालकीच्या, कंपनीकडे असतो आणि शेतकऱ्याकडे तिचे शेअर. शेअर म्हणजे मोजून ठरवलेलं पाणी नव्हे, कालव्यात येईल त्यातला हिस्सा. समजा, कंपनीचे 400 शेअर आहेत, मुखाशी 60 क्युसेक आलं आणि गळती-बाष्पीभवनात 20 टक्के गेलं. उरले 48. दहा शेअरवाल्याला 1.2 क्युसेक मिळतं. एवढीशी धार सरीच्या शेवटापर्यंत पोचत नाही, म्हणून पाळी लावतात: दहा दिवसांच्या पाळीत अख्खा कालवा सहा तास त्याचा. दार उघडणारा ‘डिच रायडर’ म्हणजे आपला पाटकरीच.

घेण्याआधी कंपनीच्या हक्कांच्या तारखा विचारा. नदी आटली की जुन्या तारखेचा हक्क आधी भागतो, नव्याचं दार बंद होतं. त्यामुळे दुष्काळी वर्षांच्या पाण्याच्या नोंदी पाहा. भरपूर पाण्याच्या वर्षांचे आकडे फसवतात.

मग कंपनीचं शेअर-रजिस्टर. प्रमाणपत्र कुणाच्या नावावर, बँकेकडे तारण आहे का, वार्षिक आकारणी थकली आहे का, हे सेक्रेटरीकडून लेखी घ्या. आकारणी शेअरमागे असते, पाणी वापरा वा न वापरा. थकली तर कंपनी पाणी अडवू शकते. जमिनीच्या खरेदीखतात ‘पाण्यासह’ एवढंच लिहून भागवू नका. शेअरची संख्या आणि प्रमाणपत्र क्रमांक लिहा, मूळ प्रमाणपत्र विक्रेत्याच्या सहीनिशी कंपनीत जमा करा आणि नवं आपल्या नावावर काढा. हे राहिलं की पुढच्या हंगामात पाळी जुन्या मालकाच्याच नावाने निघते.

त्याच कालव्यावर, शेतीसाठीच पाणी हवं असेल तर सहसा इथे काम संपतं. तरी उपविधी वाचा. एका चारीवरून दुसरीवर पाणी नेण्यावर अटी असू शकतात.

पाणी शहराला किंवा कालव्याबाहेर न्यायचं तर प्रकरण वेगळं. उपविधीत तशी अट असेल तर आधी कंपनीची संमती, मग जलन्यायालय (राज्यात असे 7 विभाग आहेत). जानेवारीत अर्ज केला तर मार्चअखेरपर्यंत कोणीही हरकत नोंदवू शकतो, आणि नोंदवतातच. इथे बरेच खरेदीदार फसतात. शेतात 10 एकर-फूट (एकरभर जागेत फूटभर साचेल एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) आलं आणि पिकाने 5.5 खर्च केलं, तर हलवता येतं ते 5.5. बाकीचं निचऱ्याने नदीत परतत होतं आणि खालच्यांचा त्यावर हक्क आहे. ते त्याच वेळी, प्रसंगी हिवाळ्यातही, परत मिळेल याची सोय तुम्हालाच करावी लागते. भाव म्हणूनच कालव्यात आलेल्या पाण्यावर नाही, खर्चलेल्या पाण्यावर ठरवा.

ज्या जमिनीचं पाणी हलवलं ती कोरडी ठेवण्याचा करारही नोंदवावा लागतो. तिथे लसूणघास असेल तर नुसतं पाणी तोडून चालत नाही. भूजल उथळ असेल तर त्याची खोल मुळं खालून पाणी ओढत राहतात आणि तेवढं पाणी तुम्हाला हलवता येणाऱ्या पाण्यातून वजा होतं. नांगरून किंवा तणनाशकाने तो आधी मारा.