ट्रक स्वतःचा, तरी महिनाअखेर खिसा रिकामा? हिशेबातल्या या चुका टाळा

माझी पहिली गाडी जुनी घेतलेली, दहा टायरी. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरायचं, बेंगळुरूला खाली करायचं आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन कोल्हापूरला परत. खेप संपली की डिझेल, टोल, भत्ता वजा करून जे उरेल त्याला मी कमाई म्हणायचो. आठ-नऊ महिने मजेत गेले. मग एकाच आठवड्यात इन्शुरन्सची तारीख आली आणि मागचे चार टायरही उतरवायची वेळ आली. पैसे घरात कधीच खर्चून झाले होते.

तीच खेप इथे मांडतो. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्या रूटचे वेगळे असतील.

जाऊन-येऊन, गावात इकडेतिकडे फिरणं धरून १,२३० किलोमीटर. जाताना १८ टन, टनाला १,७५० म्हणजे ३१,५००. येताना टनाला १,४०० म्हणजे २५,२००. एकूण भाडं ५६,७००. लिटरला चार किलोमीटरच्या ॲव्हरेजने ३०७ लिटर डिझेल, ९० चा भाव धरला तर २७,६३०. टोल ६,६००, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता ४,०००, हमाली-पार्किंग-पंक्चर २,४००. हातात राहिले सोळा हजार. महिन्याला पाच खेपा, म्हणजे ऐंशी हजार. गाडीच्या कर्जाचा ३४,००० चा हप्ता गेला तरी ४६,००० उरतात. नोकरीवाल्या मेहुण्याने दोनदा विचारावं असा आकडा!

आता मी जे धरतच नव्हतो ते बघा. दहा टायर, एकेक वीस हजाराचा, ८० हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला अडीच रुपये. एका खेपेला तीन हजारांच्या वर. ऑइल, फिल्टर, ब्रेक लायनर, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा), क्लच यांना किलोमीटरला दीड रुपया धरा, खेपेला १,८५०. इन्शुरन्स, परमिट, टॅक्स, पासिंग (गाडीची फिटनेस तपासणी) मिळून वर्षाला १,३०,०००, साठ खेपांवर वाटले की २,१६०. ड्रायव्हरचा पगार १५,०००, म्हणजे खेपेला आणखी तीन हजार. हे झाले दहा हजार. सोळातले सहाच राहिले. पाच खेपांचे तीस हजार आणि हप्ता चौतीसचा. दर महिन्याला चार हजार पदरचे घालून मी गाडी चालवत होतो आणि चौकात शेठ म्हणवून घेत होतो.

तेव्हापासून एकच सवय लावून घेतली. भाड्याचे पैसे आले की किलोमीटरला चार रुपये (टायरचे अडीच, कामाचा दीड) दुसऱ्या बँकेच्या खात्यात टाकायचे. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी काढलेलंच नाही.

उभी गाडीही पैसे खाते

हप्ता, पगार आणि कागदपत्रांचा खर्च गाडी चालो न चालो, द्यावाच लागतो. माझ्या गाडीला तो महिन्याला साठ हजारांच्या आसपास, म्हणजे दिवसाला दोन हजार. गाडी शनिवारी संध्याकाळी कंपनीच्या गेटवर पोचली, स्टोअरवाला घरी गेला आणि माल सोमवारी जेवणानंतर उतरला, की चार हजार गेले. त्याची पावती कुणी देत नाही, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. असे दहा-बारा दिवस महिन्यात सांडले की पाचाच्या तीन खेपा होतात.

हॉल्टिंगची, म्हणजे गाडी खोळंबली तर मिळायच्या पैशांची, बोली माल भरायच्या आधी करा आणि बिल्टीवर (मालासोबतच्या पावतीवर) लिहून घ्या. किती तासांनंतर लागू, दिवसाला किती, दोन्ही. ‘बघू, देऊ’ म्हणणारा देत नाही. ड्रायव्हरला सांगून ठेवा, गेटवर पोचल्या पोचल्या वॉचमनकडून बिल्टीच्या मागे वेळ टाकून सही घ्यायची आणि फोटो लगेच पाठवायचा. उरलेलं भाडं (बॅलन्स) घेताना वाद झाला तर तो फोटोच कामाला येतो.

ई-वे बिलाकडेही, म्हणजे माल नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाकडे, तेव्हाच बघा. २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. वाटेत काम निघालं आणि मुदत संपली तर संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. बिल मालवाल्याचं असलं तरी अडकून पडते आपली गाडी.

परतीच्या भाड्याचा गोंधळही दिवसांचाच आहे. कोणी म्हणतो रिकामं यायचं नाही, कोणी म्हणतो पडत्या भाड्यात भरायचं नाही. मी साधा हिशेब करतो. रिकामी गाडी साडेपाचचं ॲव्हरेज देते, परतीला ११२ लिटर लागतं. भरून आली तर १५४. फरक सुमारे ३,८००, वर हजारभर हमाली. त्याच दिवशी भरणार असेल तर बारा हजारांचं भाडंही मी उचलतो. चौथ्या दिवशी भरणार असेल तर सहा हजार थांबण्यातच गेले. अशा वेळी गाडी रिकामी काढून इकडची खेप पकडलेली बरी.

ॲव्हरेज पडलं, आता?

पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात ड्रायव्हर येतो. डिझेल चोरी होत नाही असं नाही, पण तिथून सुरुवात करू नका. आधी ॲव्हरेज खरंच पडलंय का ते बघा. टाकी गळ्यापर्यंत फुल, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल. पाचशे-हजाराचं डिझेल टाकून काढलेलं ॲव्हरेज हे ॲव्हरेज नव्हेच.

मग हवा. सगळ्या टायरांची, जोडीतल्या आतल्यांचीसुद्धा, आणि टायर थंड असताना. आतला टायर कमी हवेवर महिनाभर पळत असतो आणि कुणी वाकून बघत नाही. त्यानंतर एअर फिल्टर. ऊस वाहतुकीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावर गाडी फिरली असेल तर फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच तुंबतो.

आणि ब्रेक. माझं ॲव्हरेज एकदा चारवरून साडेतीनवर आलं. पंप बदलला, ड्रायव्हरशी भांडून झालं. शेवटी निपाणीजवळ चहाला थांबलो तेव्हा मिस्त्रीने सांगितलेलं आठवलं आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात नेत गाडीभोवती फिरलो. आठ चाकं सारखी कोमट, मागच्या डाव्या जोडीजवळ मात्र वीतभर अंतरावरच धग लागली. लायनर ड्रमला चिकटूनच होता. ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहायचं. दोन महिने डिझेल जळत होतं ते त्या घर्षणात. काम अर्ध्या दिवसाचं निघालं. ड्रायव्हरची माफी मागितली, पण तो दिवाळीनंतर दुसऱ्या गाडीवर गेला.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत आणखी एक बघायचं, धुरातलं प्रदूषण कमी करायला वेगळ्या टाकीत भरतात आणि ज्याला ड्रायव्हर युरिया म्हणतात ते डीईएफ. ते म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण. हायवेवर सुटं, बिनसीलचं डबडं स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, खताचा युरिया पाण्यात घोळून तर नकोच. नॉझल तुंबतो, लाल दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं की गाडी स्वतःच ताकद कमी करते. घाट चढताना हे झालं की क्रेन बोलवावी लागते.

तीन टन जास्त

२०१८ मध्ये केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली. गाडी आणि माल मिळून २५ टनांची दहा टायरी सुमारे २८ वर गेली, तरी ‘अजून तीन टन घ्या’ म्हणणारे आहेतच. तीन टनांचं माझं भाडं ५,२५० होतं. वजनकाट्यावर पकडलं तर मोटार वाहन कायद्यात दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, म्हणजे २६,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. पाच वेळा सुटलात आणि एकदा सापडलात तरी पाच वेळची कमाई गेली. टायर आणि पाट्यांचं नुकसान तर सुटलात तेव्हाही झालंच.

कागद

पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ड्रायव्हरच्या लायसन्सची तारीख स्वतः बघा, त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. अपघातानंतर क्लेम इथेही अडतो. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनांच्या गाडीला तो ४३,९५० होता. तिथे घासाघीस चालत नाही, म्हणून एजंट गाडीची किंमत कमी दाखवून बाकीचा प्रीमियम उतरवून देतो. चोरी किंवा टोटल लॉस झाला की त्याच कमी किमतीवर पैसे मिळतात.

इन्कम टॅक्सला ४४ एई म्हणून सगळे ओळखतात ती तरतूद दहापर्यंत गाड्या असलेल्यांना आहे. १२ टनांच्या वरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० उत्पन्न धरलं जातं. २८ टनाच्या गाडीला २८,०००, वर्षाला ३,३६,०००. गाडी दोन महिने गॅरेजला उभी असली तरी तेवढेच धरतात. नफा याहून कमी दाखवायचा तर वह्या ठेवा आणि ऑडिट करून घ्या. आणि दर एप्रिलला प्रत्येक पार्टीकडे पॅन नंबर आणि ‘माझ्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत’ असं सही केलेलं पत्र द्या, म्हणजे भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा टॅक्स) कापत नाहीत. मी पहिल्या वर्षी ते दिलं नाही आणि कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर पुढच्या पावसाळ्यात परत आले.