चार लहान मुले, दोन खोल्या आणि वर्षभराचे सण: कामाची वाटणी कशी करावी

ज्या घरात तीन-चार लहान मुले आहेत, त्या घरात सण जवळ आला की दोनपैकी एक गोष्ट ठरलेली असते. एक तर आई सगळे एकटीच उरकते आणि मुले आयत्या पानावर येऊन बसतात. नाही तर चारही मुलांना एकाच वेळी एकच काम हवे असते आणि रांगोळीच्या डब्यावरून रडारड सुरू होते. आमचे घर परळला आहे, जागा दोन खोल्यांची आहे, थोरली मुलगी दहा वर्षांची, जुळे मुलगे सात वर्षांचे आणि धाकटी साडेतीन वर्षांची आहे. या दोन्ही अवस्थांतून गेल्यावर आम्ही एक रीत ठरवली आणि ती तीन वर्षे पाळली: सणातले प्रत्येक काम एका मुलाच्या नावावर असावे, गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ते त्याचेच राहावे, आणि त्या दिवशी त्याने ते पाठच्या भावंडाला स्वतः शिकवून सोपवावे. थोरलीचे कपडे जसे धाकटीकडे येतात, तशीच तिची कामेही येतात.

कामे वयाप्रमाणे ठरवावीत, पण ती खरी असावीत; मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी काढलेले खोटे काम तीन वर्षांच्या मुलालाही ओळखू येते. तीन-चार वर्षांच्या मुलाला फुले देठापासून वेगळी करणे, विड्याची पाने ओल्या फडक्याने पुसणे, हळद-कुंकवाच्या कोयऱ्या ताटात मांडणे ही कामे नीट जमतात. पाच-सहा वर्षांचे मूल दूर्वा निवडू शकते. तीन पात्यांची दूर्वा ओळखायची आणि एकवीस मोजून जुडी बांधायची, हे काम आमच्या जुळ्यांकडे पाचव्या वर्षी आले तेव्हा त्यांना वीसच्या पुढे मोजता येत नव्हते, आणि गणपतीच्या आठवड्यात ते आले. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे फुलवाती वळणे आणि ठिपक्यांची रांगोळी द्यावी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आरतीचे ताट पूर्ण लावावे आणि काय संपले, काय आणायचे याची यादी करावी.

काडेपेटी मात्र कुणाच्याही नावावर नसावी. आमच्याकडे थोरलीला दहावे लागल्यावर निरांजन लावण्याची परवानगी मिळाली, तीही मोठे माणूस शेजारी उभे असताना. दिव्याजवळ वावरणाऱ्या मुलांच्या अंगावर सुती कपडे असावेत, लोंबत्या ओढण्या आणि झिरमिळ्यांचे नायलॉनचे झगे नसावेत, ही गोष्ट दुकानात कपडे निवडतानाच लक्षात ठेवावी लागते, कारण सणाच्या सकाळी नवा झगा काढून ठेवायला कोणतेही मूल तयार होत नाही.

रोजची सवय नसेल तर सणाच्या दिवशी वाटणी टिकत नाही, म्हणून सुरुवात दिवेलागणीपासून करावी. मुंबईत आई-वडील गाडीची गर्दी सोसून घरी पोहोचतात तेव्हा सूर्य मावळून तास-दीड तास झालेला असतो. आजी घरात असेल तर तिने वेळेवर दिवा लावावा. नसेल तर घरातली सगळी माणसे जमतात ती वेळ धरावी आणि तिच्यात बदल करू नये. आमच्याकडे ती आठची आहे. धाकटी देवापुढचे कालचे फूल काढते, एक जुळा वात ठेवतो, दुसरा तेल घालतो, थोरली परवचा सुरू करते. श्लोक आणि पाढे धरून याला सात-आठ मिनिटे लागतात. एवढ्या वेळात टीव्ही बंद असावा आणि मोठ्यांचे मोबाइलही दुसऱ्या खोलीत असावेत. मुलांना एक नियम आणि मोठ्यांना दुसरा असे झाले की आठवडाभरात सगळे मोडते.

आषाढ-श्रावण

लहान मुलांच्या घरासाठी वर्षातला सगळ्यांत सोयीचा सण दीप अमावास्या आहे, असे माझे मत आहे. घरातले सगळे दिवे, समया, निरांजने आषाढाच्या अमावास्येला घासून पुसून मांडायची आणि त्यांची पूजा करायची, यात पितळेची इतकी भांडी निघतात की प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसे काम येते. जुन्या वर्तमानपत्रावर चौघांना बसवावे, भिजवलेली चिंच आणि मीठ द्यावे, आणि काळे पडलेले पितळ हाताखाली उजळताना त्यांना पाहू द्यावे. कणीक आणि गुळाचे दिवे उकडायचे काम ओट्यावर मोठ्यांनी करावे, पण दिव्याला बोटाने खळगा पाडण्याचे काम मुलांचे.

श्रावणात जिवतीचा कागद लावला जातो. दादरच्या बाजारात पूजेच्या साहित्याच्या दुकानांत तो सहज मिळतो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जिवत्या आणि बुध-बृहस्पती अशी चित्रे असतात. शुक्रवारी पूजा झाल्यावर आई मुलांना ओवाळते. चार मुले असली की पहिला कोण हा प्रश्न दर शुक्रवारी उभा राहतो, म्हणून श्रावणातल्या शुक्रवारांची यादी आधीच कागदावर लिहून प्रत्येकाच्या नावापुढे एक शुक्रवार टाकावा. त्या शुक्रवारी पहिले औक्षण त्याचे. पाचवा शुक्रवार आला तर तो बाबांना द्यावा. आमच्याकडे गेल्या वर्षी तो आजीला मिळाला आणि नातवंडांनी मिळून आजीला ओवाळले.

श्रावणाच्या अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, आई खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरते, मागे न पाहता "अतीत कोण?" असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल "मी" म्हणून ते वाण घेते. अनेक मुलांच्या घरात याची एक अडचण होते, ती अशी की सगळे एकदम "मी" म्हणून ओरडतात आणि खीर सांडते. त्यासाठी चार छोट्या ताटल्या कराव्यात आणि प्रश्न चार वेळा विचारावा, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. मुलाने नुसते "मी" न म्हणता आपले नावही सांगावे. बाकीच्या तिघांनी त्या वेळी गप्प राहायचे असते, आणि आश्चर्य म्हणजे ती राहतात. दिवसभर "अरे, तुम्ही सगळे" अशी हाक ऐकणाऱ्या मुलाला त्या क्षणी आपण एकटे विचारले गेलो आहोत हे कळते. ही पूजा संध्याकाळची असल्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईलाही जमते. खीर आदल्या रात्री न करता त्याच दिवशी करावी, पुऱ्या आठ केल्या तरी पुरतात.

गणपती

गणपतीला गावी जाणाऱ्यांनी रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते हे ध्यानात ठेवून ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मुंबईत राहणाऱ्यांनी पाच वर्षांखालील मुलांना लालबागच्या रात्रीच्या गर्दीत नेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. त्याऐवजी कामाच्या दिवशी सकाळी गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत जावे. 1893 सालापासून तिथे सार्वजनिक गणेशोत्सव होतो, आणि उत्सव मूळचा कसा असेल हे मुलांना तिथे शांतपणे दाखवता येते. कुठल्याही गर्दीत निघताना प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचे नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा.

पूजेनंतरच्या पंचामृताबद्दल एक गोष्ट पुष्कळ घरांत दुर्लक्षित राहते. त्यात मध असतो, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध थेंबभरही देऊ नये. त्यातून होणारी विषबाधा बाळाच्या जिवावर बेतू शकते. आजी-आजोबांना हे सणाच्या आधीच प्रेमाने सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी कुणाचे मन दुखावत नाही.

दिवाळी

दिवाळीत सगळ्यांत जास्त आनंद आणि सगळ्यांत जास्त भांडणे किल्ल्यावरून होतात, म्हणून त्याची तयारी सावकाश करावी. दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना खरा किल्ला दाखवावा. आम्हाला शिवडीचा जवळ पडतो. पश्चिम रेल्वेच्या बाजूला राहणाऱ्यांना वसईचा सोयीचा आहे, आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला ही हकीकत बुरुजासमोर उभे राहून सांगितली की मुले ती विसरत नाहीत. परत आल्यावर थोरल्या मुलाने कागदावर आराखडा काढावा: दरवाजा कुठे, तळे कुठे, चढण कोणत्या बाजूने.

सोसायटीच्या आवारात परवानगी मिळाली तर उत्तमच, नाही तर गॅलरीत दोन फूट लांब-रुंद फळीवर किंवा मोठ्या परातीत किल्ला होतो. खाली प्लास्टिक अंथरावे, विटा किंवा जुने खोके रचून डोंगराचा आकार द्यावा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकावे आणि वरून मातीचा लेप द्यावा. मातीसाठी रोपवाटिकेतली एक पिशवी पुरते. अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी ओल्या मातीवर पेरावेत आणि सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडावे. गडू ओतला तर बी वाहून जाते. हे शिंपडण्याचे काम आमच्या धाकटीचे आहे आणि तिसऱ्या दिवशी हिरवे टोक दिसले की ती सगळ्या मजल्यांवर सांगून येते. चिखल कालवणे जुळ्यांचे. मावळे आणि सिंहासनावरचे महाराज मांडण्याचा मान थोरलीचा, कारण आराखडा तिचा असतो.

फराळापैकी मुलांच्या हाताला सर्वांत सोपे म्हणजे शंकरपाळे. एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि एक वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळवावी, निवल्यावर त्यात मावेल तेवढा मैदा घालून घट्ट भिजवावे आणि तासभर झाकून ठेवावे. लाटून दिलेली पोळी मुलांनी कातण्याने कापावी. तुकडे वेडेवाकडे झाले तरी पुन्हा लाटू नयेत, फक्त जाडी सारखी असावी, नाही तर पातळ आधी करपतात. तळण मात्र मुले झोपल्यावरच करावे. लहान स्वयंपाकघरात तापलेली कढई आणि चार मुले एकत्र येऊ देऊ नयेत. एका संध्याकाळी एकच पदार्थ घ्यावा, आणि चकल्या-अनारसे जमत नसतील तर विकत आणण्यात काही कमीपणा मानू नये.

नरकचतुर्दशीच्या पहाटे एका मोरीत चार अभ्यंगस्नाने करायची तर तयारी रात्रीच हवी. पाणी येण्याची वेळ पहाटेची नसेल तर पिंप आणि बादल्या भरून ठेवाव्यात. उटणे आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या मनगटावर थोडेसे लावून पाहावे. लाल चट्टा आला तर त्या मुलाला नुसते बेसन आणि दूध चालते. तेल कोमट करून लावावे आणि तेलकट पायांनी मूल घसरू नये म्हणून मोरीच्या बाहेर जुने गोणपाट टाकावे. थोरल्यापासून सुरुवात करावी, म्हणजे धाकट्यांना अर्धा तास जास्त झोप मिळते आणि न्हालेली मुले पुढच्यांना उठवण्याचे काम करतात. कारीट फोडायला सगळ्यांनी एकत्र उभे राहावे. यासाठी चार कारिटे आणावीत, एक आणून वाटून घ्या असे सांगू नये.

संक्रांत आणि बोरन्हाण

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, म्हणून शाळेला सुट्टी असेल तो रविवार घ्यावा. रीतीप्रमाणे बोरे, उसाचे करवे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे आणि हलवा बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि जमलेली मुले ते वेचून खातात. त्यांत दोन-तीन वर्षांची मुलेही असतात, आणि अख्खा शेंगदाणा, कोरडा हरभरा किंवा बोराची बी त्यांच्या घशात अडकू शकते. म्हणून डोक्यावरून चुरमुरे, बत्तासे आणि थोडी फुले ओतावीत, बोरे-शेंगा वेगळ्या टोपलीत ठेवून मोठ्या मुलांना हातात द्याव्यात. ज्या बाळाचे बोरन्हाण आहे त्याच्या भावंडांना ओतण्याचा पहिला मान द्यावा. सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असलेल्या दिवशी त्यांना ते फार हवे असते.

पाडव्याची वही

ही वाटणी लक्षात राहत नाही, म्हणून एक साधी दोनशे पानी वही करावी. प्रत्येक सणाला एक पान: काय आणले, किती लागले, किती उरले, कोणाचे कोणते काम होते. परीक्षा, आजारपण किंवा घरातले दुःख यामुळे जो सण झाला नाही त्याच्या पानावर तेवढेच लिहावे आणि पुढे जावे. राहून गेलेले काम त्या मुलाच्या नावावर पुढच्या वर्षीही ठेवावे. पाडव्याला गुढी उभी करून कडुनिंब-गुळाचा प्रसाद झाला की वही मध्ये ठेवून सगळ्यांनी बसावे. काम सोडणारा ते कसे करायचे हे घेणाऱ्याला सांगतो, आणि घेणारा आपल्या हाताने आपले नाव लिहितो. येत्या पाडव्याला दूर्वा धाकटीकडे जातील. तिला अजून लिहिता येत नाही, म्हणून जुळ्यांनी तिच्यासाठी त्या पानावर पेन्सिलीने ठिपक्यांत तिचे नाव काढून ठेवले आहे.