आडनावावरून निदान नको: मानसोपचाराच्या ओपीडीत या चुका टाळा

मानसिक तपासणीत ‘नाचता येईना अंगण वाकडं’चा अर्थ विचारायची जुनी पद्धत आहे. माणूस शब्दापलीकडचा अर्थ लावू शकतो का, ते त्यातून पाहायचं. मेळघाटातून आलेली, घरी कोरकू बोलणारी बाई या प्रश्नावर गप्प बसते आणि केस पेपरवर शेरा पडतो: अमूर्त विचारक्षमता कमी. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, गोंडी द्रविड कुळातली. मराठीशी दोघींचंही घरचं नातं नाही. बाईला मराठी म्हण ठाऊक नव्हती, एवढंच त्या प्रश्नातून कळलं.

म्हणीऐवजी साम्य विचारा. बैल आणि शेळीत सारखं काय? ‘दोन्ही जनावरं’ हे उत्तर पुरेसं आहे. ‘दोघांना चार पाय’ म्हणणारा आजारी ठरत नाही. शाळा न शिकलेली पुष्कळ शहाणी माणसं असंच उत्तर देतात. शंभरातून सात-सात वजा करायला लावण्यापेक्षा वीस रुपयांतून तीनची वस्तू घेतली तर किती उरले, त्यातून पुन्हा तीन गेले तर किती, असं विचारा. ज्याला तारीख सांगता येत नाही तो अमावास्येला किती दिवस राहिले किंवा परवा कुठल्या गावचा बाजार होता, हे बिनचूक सांगतो. त्याचं काळाचं भान शाबूत आहे. केस पेपरच्या वरच तीन गोष्टी लिहायची सवय ठेवा: शिक्षण, घरची भाषा, तपासणी झाली ती भाषा. पुढच्या डॉक्टरला शेऱ्याचा अर्थ त्यावरूनच लागतो.

दुभाषा म्हणून सोबत आलेल्याला बसवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सुनेच्या तक्रारी सासू सांगते, बापाचं बोलणं दहा वर्षांचा मुलगा मराठीत करतो. बाई तीन मिनिटं बोलते आणि भाषांतर येतं, ‘झोप लागत नाही म्हणते.’ मधलं सगळं गळालं. घरातली मारहाण, लैंगिक त्रास, आत्महत्येचे विचार आणि ऐकू येणारे आवाज हे चार विषय नातेवाइकामार्फत विचारूच नयेत. ती भाषा बोलणारी नर्स किंवा आशाताई मिळाली तर रुग्णाला आत बोलवण्याआधी पाच मिनिटं तिच्याशी बोला. तिला समजावा: जे ऐकाल तेच सांगा, गाळू नका, सावरू नका, ‘ती म्हणते’ऐवजी ‘मला’ म्हणा. आपण एका वेळी एकच वाक्य विचारायचं आणि बघायचं रुग्णाकडे. आशाताई त्याच गावची असेल तर ती चालेल का, हे आधी रुग्णाला एकटं गाठून विचारावं, कारण बोललेलं गावात फिरेल या भीतीने माणूस गप्प होतो. कुणीच मिळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर त्या भाषेचा समुपदेशक मिळतो का, ते बघा.

भाषा मराठीच असली म्हणून सुटका होत नाही. ‘डोक्यात आग होते’, ‘अंगाला मुंग्या येतात’, ‘गॅस छातीत चढतो’, ‘कशात मन लागत नाही’ हे सांगणाऱ्याला ‘तुम्हाला उदास वाटतं का?’ विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येतं. उदास हा शब्द वाचलेल्यांचा. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वाचून दाखवताना म्हणूनच गुण फसवे येतात. आधी विचारा की काम करावंसं वाटतं का, पूर्वी आवडायची ती गोष्ट आता बरी वाटते का, जेवण गोड लागतं का. तरुण मुलगा ‘धात जाते, कमजोरी आलीय’ म्हणत आला की त्याला हसू नका. ‘यात काही आजार नाही’ म्हणून परतही पाठवू नका, तो थेट भिंतीवरच्या जाहिरातीतल्या वैद्याकडे जाईल. लघवीची तपासणी करा, वीर्याबद्दलची भीती शांतपणे समजावा आणि मागे चिंता किंवा नैराश्य आहे का ते तपासा.

‘जीव नकोसा झालाय’, ‘देवानं उचलून न्यावं’ हे आपल्याकडे भाजी महागली तरी म्हणतात. म्हणून सोडून देणंही चूक आणि ऐकल्याबरोबर दाखल करणंही चूक. सरळ विचारावं: वैतागून म्हणता, की खरंच मरून जावं असं वाटतं? कसं, कधी, असं काही मनात ठरलंय का? घरात फवारणीचं औषध आहे का, असेल तर कुलपात आहे का, किल्ली कुणाकडे? असं विचारल्याने विचार मनात भरवला जात नाही. बरेचदा कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

अंगात येण्याबाबत दोन्ही बाजूंनी घसरगुंडी होते. शहरात शिकलेला डॉक्टर लगेच मानसिक विकार लिहितो. गावाकडचा, ‘त्यांच्यात असतंच’ म्हणून सोडतो आणि फिट येणारी मुलगी वर्षभर भगताकडे फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणानुसार, समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेत येणारा संचार हा विकार नव्हे. तो आपोआप, नको असताना येतो आणि त्याने जगणं विस्कटतं तेव्हा विकाराचा विचार करायचा. म्हणून खोदून विचारा: जत्रेत, आरतीतच येतं का, की चुलीपुढे एकटी असतानाही? किती वेळ टिकतं? नंतर आठवतं का? जीभ चावली, कपड्यात लघवी झाली? आधी ताप होता? लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतरच सुरू झालं का? जीभ चावणं, लघवी होणं असेल तर आधी मेंदूची तपासणी, देवीची चर्चा नंतर.

‘करणी केलीय’ याला लगेच भ्रम म्हणू नका आणि खोडूनही काढू नका. डीएसएम-5 (2013) या अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत संस्कृतीविषयी 16 प्रश्नांची मुलाखत दिली आहे. तिचं सार तीन घरगुती प्रश्नांत येतं. घरच्यांना हा त्रास तुम्ही कोणत्या शब्दांत सांगता? कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, आणि घरचे काय म्हणतात? आधी कुठं-कुठं दाखवलं? घर, भावकी सगळेच करणी मानत असतील तर ती समजूत झाली. एकट्यालाच वाटतंय, घरचेही ‘असं काही नाही’ म्हणताहेत आणि शेजारी भिंतीतून विचार काढून घेतो असंही सांगतोय, तर गोष्ट वेगळी. दोरा-गंडा असेल तर असू द्या, पण गोळ्या बंद करू नका, असं ठरवून घ्यावं. मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं मात्र बंद करायलाच सांगायचं. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडाने बांधलेले 28 रुग्ण आगीत गेले, ते अशाच श्रद्धेच्या ठिकाणी.

आता जात. ‘ऑफिसात माझ्यावर नजर ठेवतात, माझ्या डब्याला कुणी हात लावत नाही’ हे ऐकून कागदावर ‘संशयी स्वभाव’ उमटायला वेळ लागत नाही. ‘हल्ली जात कोण पाळतं?’ म्हटलं की माणूस मिटतो, पुढच्या तारखेला येत नाही. आडनाव ऐकून ‘म्हणजे तुम्ही नेमके कुठले?’ विचारणंही तसंच. त्याऐवजी विचारावं: तिथं जात, धर्म, भाषा, गाव यावरून काही ऐकून घ्यावं लागतं का? मग तपासावं. त्रास ठरावीक माणसांकडून, ठरावीक जागी होतो का? दुसऱ्या कुणाला दिसलंय का? की टीव्ही आणि रस्त्यावरचे अनोळखीही त्यात आले आहेत? छळ खरा आणि आजारही खरा, असंही असतं. एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबू नये. पारधी माणूस पोलिसांना घाबरतो, त्यामागे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. तो 1952 मध्ये गेला, शिक्का राहिला. ती भीती लक्षणांच्या यादीत घालण्याआधी शेवटची धरपकड कधी झाली, ते विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 3 नुसार सामाजिक स्थान किंवा धार्मिक, सांस्कृतिक गट यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम 18 जातीवरून उपचारात भेदभावाला बंदी घालतं.

औषधांतही वंश आणि रीतिरिवाज येतात. फिट आणि मनःस्थितीच्या विकारांवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनमुळे त्वचेवर उठणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेचा जनुकाच्या एका प्रकाराशी संबंध आहे आणि तो प्रकार आशियाई वंशात जास्त आढळतो. अमेरिकी औषध नियामकाने 2007 मध्ये तसा इशारा दिला. भारतीयांत हे प्रमाण चिनी-थाई लोकांपेक्षा कमी, पण शून्य नाही. ताप, पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, यांतलं काही पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे चिठ्ठीवर लिहून द्या.

मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम चालू असलेल्याला रोजे, निर्जळी एकादशी, वारी याबद्दल आधीच विचारा. पाणी कमी पडलं, घाम गेला की रक्तातली पातळी चढते, आणि अळणी उपवासात मीठ कमी झालं तरी चढते. वारीत पाय दुखतात म्हणून लोक दुकानातून आयबुप्रोफेन घेतात, त्यानेही. निघण्याआधी, शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त तपासा. हात जोरात थरथरणं, जुलाब, तोल जाणं, बोबडं बोलणं ही धोक्याची चिन्हं सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा.

ओलान्झापिन या भ्रम-भासांवरच्या औषधाने वजन आणि साखर वाढू शकते. ते सुरू करताना परदेशी मापं लावू नका. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 23 पासूनच जास्त धरायचा, कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरवर गेली की सावध व्हायचं. वजन सुरुवातीला, मग 4, 8 आणि 12 आठवड्यांनी. उपाशीपोटी साखर सुरुवातीला आणि 12 आठवड्यांनी. टेप ओपीडीच्या टेबलावरच ठेवा, आणि लुगड्यावरून माप घेऊ नका, चार बोटं तरी जास्त येतात.